‘पाठपुराव्याला यश’ ते टेंडर: सरकारी कामं आधीच हुडकायच्या साधनांची पारख

‘आमदारांच्या पाठपुराव्याला यश, तालुक्यातील रस्त्यांसाठी निधी मंजूर’ ही बातमी जिल्हा पानावर आठवड्यातून दोनदा तरी छापून येते. बहुतेक ठेकेदार फोटो बघून पान उलटतात आणि पैसे भरून घेतलेल्या टेंडर अलर्टची वाट बघत बसतात. अलर्ट येतो तो काम पोर्टलवर चढल्यानंतर. तेव्हा हातात सात, पंधरा, फार तर एकवीस दिवस उरलेले असतात. बातमी मात्र त्याच्या कित्येक महिने आधीच आलेली असते.

अडचण एवढीच की पैसा नेमक्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे बातमीत नसतं. ते काढायची साधनं सरकारनेच फुकट ठेवली आहेत: शासन निर्णयांचं संकेतस्थळ, बीम्स, महासंवाद, महाटेंडर्स, केंद्राची पोर्टलं. या सगळ्यांना इथे पाचपैकी गुण दिले आहेत, आणि मोजपट्टी एकच ठेवली आहे: निविदा निघण्याच्या किती आधी कळतं, आणि कळलेलं किती खरं ठरतं.

आधी बातमीतलं क्रियापद बघा

कोटीचा आकडा मथळ्यात ठळक असतो म्हणून डोळा तिथेच जातो. पण खरी माहिती क्रियापदात असते. ‘घोषणा केली’, ‘प्रस्ताव सादर’, ‘तत्त्वतः मान्यता’ यांना टेंडरच्या हिशेबात फारशी किंमत नाही. ‘डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) तयार करण्याचे आदेश’ म्हणजे सल्लागाराचं काम निघेल, बांधकामाचं नव्हे. ‘प्रशासकीय मान्यता’, म्हणजे कामाला आणि त्याच्या खर्चाला सरकारची मंजुरी, हा शब्द आला की वहीत नोंद करायची. त्यापुढे तांत्रिक मान्यता (आराखडा आणि अंदाजपत्रकाला अभियंत्यांची मंजुरी), मग निविदा, मग कार्यारंभ आदेश असा क्रम असतो. प्रशासकीय मान्यता आणि निविदा यांच्यामधले आठवडे किंवा महिने हीच तुमची कमाई.

‘सुप्रमा’ या शब्दावर नवखा हमखास फसतो. सुधारित प्रशासकीय मान्यता म्हणजे चालू प्रकल्पाची वाढलेली किंमत. ‘सिंचन प्रकल्पाला इतक्या कोटींची मान्यता’ असा मथळा बघून लोक धावतात, पण ते काम बहुधा कधीच कुणाच्या तरी नावावर गेलेलं असतं. वाढीव रकमेतून नवी निविदा निघेलच असं नाही.

‘भूमिपूजन’ची बातमी निविदेसाठी उशिराची आहे, नारळ फुटला म्हणजे ठेकेदार सहसा ठरलेला. पण खडी, क्रशसँड, आरएमसी (तयार काँक्रीट), भाड्याचा पोकलेन किंवा रोलर यांचा धंदा करणाऱ्यांसाठी तीच बातमी मोलाची. फोटोच्या कोपऱ्यातल्या फलकावर काम करणाऱ्या संस्थेचं नाव असतं, तिथून सुरुवात करायची.

आणखी एक खूण फार उपयोगी आहे. एकाच रस्त्याचं श्रेय दोन पुढारी घेऊ लागले, एकमेकांवर पत्रकं निघाली, की मान्यतेचा कागद बाहेर पडलाय असं समजायला हरकत नाही. कागदच निघाला नसेल तर भांडायचं कशावर?

आकडा मोठा म्हणून काम मोठं, हेही खरं नाही. ऑक्टोबर 2025मध्ये राज्य सरकारने अतिवृष्टीसाठी 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यातली शेतकऱ्यांची मदत थेट खात्यात जाते, तिची निविदा निघत नाही. ठेकेदाराच्या कामाचा भाग म्हणजे वाहून गेलेले रस्ते, खचलेले पूल, पडलेल्या शाळाखोल्या, फुटलेले बंधारे यांची दुरुस्ती. ही कामं तुकड्यातुकड्यांत, वेगवेगळ्या खात्यांकडून आणि बऱ्याचदा अल्प मुदतीच्या सूचनेने निघतात. अशा वेळी सात दिवसांत कागद जुळवणं ज्याला जमतं त्यालाच ती मिळतात.

शासन निर्णयांचं संकेतस्थळ: 4.5

सगळ्यात जास्त गुण याला, आणि सगळ्यात कमी वापरही याचाच. विभाग, तारीख आणि विषयातला शब्द टाकून शोधता येतं. प्रत्येक निर्णयाला अठरा आकडी सांकेतांक असतो आणि त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. कुणी व्हॉट्सअॅपवर ‘जीआर निघाला’ म्हणून फोटो पाठवला तर तो सांकेतांक टाकून बघायचा. जुळला नाही तर तो कागद सध्या बाजूला ठेवायचा.

निर्णय उघडल्यावर प्रस्तावना सोडून थेट परिशिष्टावर जा. कामाचं नाव, तालुका, मंजूर रक्कम तिथेच असते. मग शेवटच्या परिच्छेदांत लेखाशीर्ष, म्हणजे खर्च अर्थसंकल्पातल्या कोणत्या खात्यावर पडतो तो क्रमांक, शोधा. 5054 म्हणजे रस्ते-पुलांचं भांडवली काम, 3054 म्हणजे देखभाल-दुरुस्ती, 2515 म्हणजे ग्रामविकासाकडची गावातली मूलभूत सुविधांची कामं. लेखाशीर्षावरून काम कोणत्या कार्यालयातून निघेल याचा अंदाज बांधता येतो. पंचायत समितीच्या उपअभियंत्याकडे चकरा मारायच्या की सार्वजनिक बांधकामच्या विभागीय कार्यालयात, हे तिथेच ठरतं. अटीही वाचा. ‘जागा ताब्यात असल्याची खात्री करूनच निविदा काढावी’ असं वाक्य असेल आणि गावात जागेवरून वाद चालू असेल, तर ते काम या वर्षी विसरा.

अर्धा गुण कापला तो दोन कारणांनी. शोध विषयाच्या ओळीत लागतो, पीडीएफच्या पोटात नाही. त्यामुळे गावाचं नाव टाकून काही सापडत नाही. आणि परिशिष्ट बरेचदा स्कॅन केलेलं असतं, आकडे डोळे ताणून वाचावे लागतात. आणखी एक मर्यादा साइटची नव्हे, कारभाराची आहे. जिल्हा वार्षिक योजनेतल्या कामांना मान्यता जिल्ह्यातच मिळते, ती इथे दिसत नाही. त्यासाठी जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीची बातमी, जिल्हा प्रशासनाचं संकेतस्थळ आणि जिल्हा परिषदेचा सूचनाफलक, तिन्ही बघावे लागतात. जिल्हा परिषदेला हा निधी खर्चायला दोन वर्षं मिळतात, त्यामुळे ‘निधी अखर्चित’ अशी बातमी फेब्रुवारीत आली की मार्च अखेरीआधी निविदांचा पाऊस पडणार असं धरून चाला.

लहान कामांबद्दल एक इशारा. ठरावीक रकमेच्या मर्यादेखालची कामं 33:33:34 या प्रमाणात सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुले ठेकेदार यांच्यात वाटली जातात. परिशिष्टात दिसलेलं प्रत्येक काम खुल्या स्पर्धेत येईल असं समजून कर्ज काढू नका.

बीम्स आणि पुरवणी मागण्या: 4

मान्यता मिळाली म्हणजे पैसा आला असं नव्हे. राज्याच्या अर्थसंकल्पाची वितरण प्रणाली म्हणजे बीम्स. तिथे लेखाशीर्षानुसार तीन आकडे बघायचे: तरतूद किती, वितरित किती, खर्च किती. तरतूद भरपूर आणि वितरण तुटपुंजं असेल तर निविदा निघेल, काम होईल आणि बिल अडकेल. वितरण झालंय आणि खर्च शून्याजवळ आहे, असं डिसेंबरात दिसलं तर ते खातं घाईत आहे असं समजायचं.

वर्षात तीन वेळा इथे लक्ष घालायचं. मार्चमधला अर्थसंकल्प, पावसाळी अधिवेशन आणि डिसेंबरातलं नागपूरचं हिवाळी अधिवेशन. शेवटच्या दोन्हींत पुरवणी मागण्या येतात. वर्तमानपत्रं एकूण रक्कम छापतात आणि पुढच्या राजकारणाकडे वळतात, पण खात्यानुसार फोड मागण्यांच्या पुस्तिकेत असते. सार्वजनिक बांधकामच्या अर्थसंकल्पीय कामांची जी यादी निघते, तिला खात्यात ‘व्हाइट बुक’ म्हणतात. त्यात तुमच्या तालुक्यातल्या रस्त्याचा क्रमांक सापडला तर ते आमदारांच्या दहा भाषणांपेक्षा भरवशाचं.

विधिमंडळाच्या संकेतस्थळावरची तारांकित प्रश्नांची उत्तरंही वाचा. ‘हे अंशतः खरे आहे’ या सुप्रसिद्ध वाक्यानंतर मंत्री कधीकधी ‘अंदाजपत्रक तांत्रिक मान्यतेच्या स्तरावर आहे’ असं लेखी देऊन जातात. टप्पा सांगणारं याहून अधिकृत वाक्य दुसरीकडे कुठे मिळणार?

एक गुण कापला तो बीम्सच्या पडद्यासाठी. योजनेचे सांकेतांक माहीत नसतील तर पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. आपल्या धंद्याशी संबंधित आठ-दहा योजना-सांकेतांक एकदा शासन निर्णयांतून उतरवून घेतले की मग काम मिनिटांचं होतं.

महासंवाद: 3

माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाचं हे बातम्यांचं पोर्टल. मंत्रिमंडळाचे निर्णय त्याच दिवशी, शब्दशः, खर्चाच्या आकड्यासह मिळतात. वर्तमानपत्रात कापलेला भाग इथे पूर्ण असतो. बाकी निम्मी जागा उद्घाटनं, सत्कार आणि शुभेच्छांनी भरलेली. मंत्रिमंडळ निर्णय तेवढे वाचून बाहेर पडावं.

महाटेंडर्स: शोधासाठी 2, निकालांसाठी 4

एनआयसीच्या जेपनिक प्रणालीवर चालणारं राज्याचं ई-निविदा पोर्टल. इथे काम दिसलं की घड्याळ सुरू झालेलं असतं.

शोध इंग्रजी अक्षरांत चालतो, आणि कामाचं नाव टंकणाऱ्या लिपिकाने स्पेलिंग कसं केलंय त्यावर सगळं अवलंबून. ‘इम्प्रूव्हमेंट’चं कुठे ‘इम्प.’ होतं, ‘कन्स्ट्रक्शन’चं ‘कॉन्स्ट.’. जिल्ह्यांची नावं बदलल्यापासून तर गोंधळ दुप्पट. अहमदनगर आणि अहिल्यानगर, उस्मानाबाद आणि धाराशिव, औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, असं दोन्ही नावांनी शोधावंच लागतं. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे गावाचं नाव सोडून रस्त्याचा प्रकार आणि क्रमांक टाकणं. शासन निर्णयाच्या परिशिष्टात ‘प्रजिमा 45’ असेल तर इथे ‘एमडीआर 45’ टाका. ‘इजिमा’साठी ‘ओडीआर’, ‘ग्रामा’साठी ‘व्हीआर’. किंवा शोध सोडूनच द्या आणि ‘टेंडर्स बाय ऑर्गनायझेशन’मधून आपल्या विभागीय कार्यालयापर्यंत उतरत जा. क्लिक जास्त लागतात, पण काही सुटत नाही.

निविदेच्या पानावर ‘टेंडर व्हॅल्यू’च्या जागी बऱ्याचदा काहीच नसतं. तिथे थांबू नका. बयाणा रकमेवरून अंदाज येतो आणि नेमका आकडा निविदा सूचनेच्या पीडीएफमध्ये मिळतो. ‘पीरियड ऑफ वर्क’ दिवसांत दिलेला असतो, आणि त्यात पावसाळा धरलाय की वगळलाय हे पीडीएफमध्येच कळतं. निविदा-पूर्व बैठकीची तारीख ‘क्रिटिकल डेट्स’मध्ये बघा, पोर्टलवर चढल्यापासून ती अनेकदा आठवड्याच्या आत असते, म्हणूनच अलर्टवर विसंबणाऱ्याची ती चुकते.

या पोर्टलचा खरा ऐवज निकालांच्या भागात आहे, आणि तिथे फारच थोडे लोक जातात. आपल्या विभागातल्या मागच्या दहा-पंधरा निविदांचे निकाल काढा. किती जण आले, किती तांत्रिक लिफाफ्यात बाद झाले, दर दरसूचीच्या (खात्याने ठरवलेल्या दरांच्या) किती टक्के खाली गेला, हे उतरवा. एखाद्या उपविभागात सातत्याने वीस टक्के खाली जात असतील तर तिथे मंजुरीची बातमी कितीही गोड असो, तुमचं अंदाजपत्रक आधी बसवून बघा. फार खाली गेल्यावर अतिरिक्त सुरक्षा ठेवही भरावी लागते, ते व्याज हिशेबात धरा. बरीच कार्यालयं कार्यारंभ आदेशाची माहिती चढवतच नाहीत, त्यामुळे चित्र अपुरं राहतं. पाचवा गुण तिथेच गेला.

पहिल्या वेळी तीनपेक्षा कमी निविदा आल्या तर सहसा मुदतवाढ किंवा फेरनिविदा होते. ‘दुसरी वेळ’ लिहिलेली सूचना दिसली की पहिल्या वेळी लोक का आले नाहीत, हे शोधायचं. अट जाचक होती, दर जुने होते, की जागेचं भांडण आहे? कारण केवळ वेळेचं असेल तर स्पर्धा कमी आणि तुमची संधी मोठी.

भरतानाच्या चुका नेहमीच्याच. बीओक्यूच्या (कामाची परिमाणं आणि त्यापुढे दर भरायचा तक्ता) एक्सेल फाइलचं नाव बदललं किंवा मॅक्रो बंद ठेवून भरली की पोर्टल ती नाकारतं. एनईएफटीच्या चलनावर त्या निविदेपुरता वेगळा खाते क्रमांक येतो. मागच्या वेळचा सेव्ह केलेला वापरला तर पैसे जुळत नाहीत. बँकेतून भरणा असेल तर निदान एक पूर्ण कामाचा दिवस हाती ठेवा. आणि सगळं चढवून झाल्यावर ‘फ्रीझ’ केलं नाही तर निविदा दाखलच होत नाही. पोर्टलचं घड्याळ हेच खरं घड्याळ, मनगटावरचं नव्हे.

एक बातमी, पाच-सहा पोर्टलं

सगळं महाटेंडर्सवरच येतं या समजुतीने बरीच कामं हातची जातात. नाशिकचा सिंहस्थ घ्या. 31 ऑक्टोबर 2026 रोजी ध्वजारोहण आणि 2 ऑगस्ट 2027 रोजी पहिलं अमृतस्नान, या तारखा जाहीर आहेत. आता उलटं मोजा. ऑगस्टमधलं स्नान म्हणजे ऐन पावसाळा. गोदापात्रातली कामं जूनपासून बंद, डांबरीकरणही बंद. म्हणजे पक्क्या कामांना 2027च्या मेअखेरची मुदत, आणि त्याआधी 2025-26 व 2026-27 असे दोनच कोरडे हंगाम. घाट, रस्ते, पूल यांच्या निविदा त्याच हिशेबाने पुढे असणार. तात्पुरती कामं मागून येतात: मंडप, बॅरिकेडिंग, फिरती शौचालयं, दिशादर्शक फलक, जनरेटर, सीसीटीव्ही, सफाई कामगार, रुग्णवाहिका. लहान माणसाला खरी जागा इथे आहे, कारण रिंगरोडच्या पात्रता अटी त्याला झेपणाऱ्या नाहीत.

पण ही कामं निघणार कुठून? महापालिका, सार्वजनिक बांधकाम आणि जलसंपदाची महाटेंडर्सवर बघायची, महावितरणचं स्वतःचं ई-टेंडर पोर्टल आहे, रेल्वेची आयआरईपीएसवर, राष्ट्रीय महामार्गाची केंद्राच्या ई-टेंडर्स पोर्टलवर, लष्करी हद्दीतली कामं डेफप्रॉकवर. वस्तू आणि काही सेवा जेमवर. ज्याने फक्त एका ठिकाणी नोंदणी आणि डिजिटल सही जोडून ठेवली आहे, त्याला बातमी सहा महिने आधी कळून उपयोग काय? क्लास 3 सही, सही करण्याची आणि एन्क्रिप्शनची दोन्ही प्रमाणपत्रं असलेली, सगळ्या पोर्टलांवर आधीच जोडून ठेवायला हवी. आणि पंढरीच्या वारीत शौचालयं किंवा पाण्याचे टँकर पुरवल्याचा कार्यपूर्ती दाखला ‘समान स्वरूपाचं काम’ म्हणून चालेल का, हा प्रश्न निविदा-पूर्व बैठकीत लेखी विचारायचा. तोंडी ‘चालेल हो’ला काही अर्थ नाही.

ग्रामीण रस्त्यांचंही तसंच. केंद्रीय मंत्रिमंडळाने 11 सप्टेंबर 2024 रोजी ग्रामसडक योजनेच्या चौथ्या टप्प्याला मान्यता दिली: 70,125 कोटी रुपये, 62,500 किलोमीटर, मुदत 2028-29पर्यंत. या योजनेसाठी निविदांचं वेगळं पोर्टल आहे. शिवाय रस्ता केल्यावर पाच वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराकडे असते. बातमीत हे वाक्य कधीच नसतं, आणि दर भरताना ते विसरणारा पाचव्या वर्षी रडतो.

केंद्राचं सीपीपीपी पोर्टल राज्यांच्या निविदाही एकत्र दाखवतं. अनेक राज्यांत पुरवठा करणाऱ्याला ते बरं. एका तालुक्यापुरतं बघणाऱ्याला नुसता कचरा. 3 गुण.

जेम, पुरवठादारांसाठी: 3.5

9 ऑगस्ट 2016 रोजी सुरू झालेलं हे सरकारी खरेदीचं पोर्टल. वस्तू-सेवांच्या बाबतीत बातमीचा पहिला अर्थ सोडून दुसरा शोधायचा असतो. 9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यात दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं: मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली, अंबरनाथ. बांधकामवाल्यांनी इमारतीचा विचार केला. पण पहिल्या वर्षाला शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे विषय. म्हणजे विच्छेदनाची टेबलं, सूक्ष्मदर्शक, प्रयोगशाळेची काचसामग्री. वसतिगृह आलं म्हणजे पलंग, गाद्या, मेस, पाणी शुद्धीकरण. सुरक्षा आणि सफाईचं मनुष्यबळ तर पहिल्या दिवसापासून. औषधं आणि उपकरणांची मोठी खरेदी महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाकडे जाते, ती महाविद्यालयाच्या दारात शोधून मिळायची नाही.

जेमवर आधी तयारी केल्याशिवाय निभाव लागत नाही. योग्य कॅटेगरीत माल नोंदवलेला नसेल तर बोली लावताच येत नाही, आणि काही कॅटेगऱ्यांत उत्पादकाची तपासणी किंवा अधिकारपत्र लागतं. त्याला आठवडे जातात. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकांना आणि सेवा देणाऱ्यांना बयाणा रकमेत सूट आहे. व्यापाऱ्यांना ती मिळत नाही, बांधकामाच्या निविदांत तर गृहीत धरूच नका. केंद्राच्या खरेदीत 25 टक्के वाटा सूक्ष्म-लघु उद्योगांचा, त्यात 3 टक्के महिला उद्योजिकांचा. दर सर्वांत कमी दरापेक्षा 15 टक्क्यांपर्यंत जास्त असला तरी तो खाली आणून जुळवायची संधी मिळू शकते, पण निर्मिती तुमची हवी. दीड गुण कापला तो उलट्या लिलावासाठी. शेवटच्या मिनिटांत दर इतका घसरतो की जिंकणाराच गार पडतो.

पैसे भरून घेतलेली अलर्ट सेवा: 2

यातल्या बहुतेक सेवा वरच्याच पोर्टलांवरून माहिती उचलतात आणि शब्द जुळवून मेसेज पाठवतात. वर्गणी भरण्याआधी एक साधी चाचणी घ्या. चाचणी काळात सलग सात दिवस आपल्या तालुक्याच्या निविदा महाटेंडर्सवरून हाताने उतरवा आणि अलर्टच्या यादीशी ताडून बघा. स्पेलिंगमुळे सुटलेल्या, जिल्हा चुकलेल्या आणि दुरुस्तीपत्रक न आलेल्या मोजा. दुरुस्तीपत्रकाचा घोळ सगळ्यात महागात पडतो, कारण त्यात परिमाण किंवा मुदत बदललेली असते आणि जुन्या बीओक्यूवर भरलेली निविदा बाद होते. चार राज्यांत माल विकणाऱ्या कंपनीला ही सेवा परवडेल. एका जिल्ह्यातल्या रस्त्याच्या ठेकेदाराने त्या पैशात आठवड्यातले दोन तास एका पदवीधर मुलाला शासन निर्णय वाचायला बसवावं.

फुकटचा पर्याय म्हणजे गुगल अलर्ट. शब्द मराठीत टाका, तालुक्याच्या नावासह: ‘प्रशासकीय मान्यता’, ‘निविदा प्रक्रिया’, ‘निधी अखर्चित’, ‘ठेका रद्द’. शेवटचा विसरू नका. ठेका रद्द झाला की उरलेल्या कामाची निविदा निघते, जागेचा आणि मान्यतेचा प्रश्न आधीच सुटलेला असतो. फक्त झालेल्या कामाची मोजमापं वादात नाहीत ना, हे मोजमाप पुस्तिका पाहून ठरवा.

मिळालेल्या महिन्यांत काय करायचं

आधी पात्रता. मोठ्या कामांत नेहमीची अट अशी: मागच्या सात वर्षांत अंदाजित किमतीच्या 80 टक्क्यांचं एक, 50 टक्क्यांची दोन किंवा 40 टक्क्यांची तीन समान कामं. बसत नसाल तर भागीदार शोधायला आता वेळ आहे. निविदा निघाल्यावर नसतो. मग निविदा क्षमता, म्हणजे आणखी किती रकमेचं काम तुम्हाला घेता येईल: (ए × एन × एम) वजा बी. ए म्हणजे पाच वर्षांतल्या एका वर्षाचं सर्वाधिक काम, एन म्हणजे मुदत वर्षांत, एम बहुधा 2, बी म्हणजे त्या मुदतीत पुरी करायची हातातली कामं. ए 3 कोटी, मुदत एक वर्ष, हातात 3.5 कोटींची कामं असतील तर क्षमता 2.5 कोटी. बातमीतलं काम 2.8 कोटींचं असेल तर हातातलं एखादं काम संपवून कार्यपूर्ती दाखला घ्या, म्हणजे बी खाली येईल. सीएच्या प्रमाणपत्रांवर यूडीआयएन क्रमांक (ज्यावरून प्रमाणपत्र खरं आहे का ते ऑनलाइन ताडता येतं) हवा, आणि सॉल्व्हन्सीच्या, म्हणजे आर्थिक पतीच्या दाखल्याची तारीख जुनी नको.

जागेवर जाऊन या. अंदाजपत्रकात खाण किती किलोमीटरवर धरली आहे आणि प्रत्यक्षात चालू खाण कुठे आहे, यातला फरकच नफा किंवा तोटा ठरवतो.

न भरायला सांगणाऱ्या बातम्या

आचारसंहितेची तारीख पहिली. 15 ऑक्टोबर 2024 रोजी विधानसभेची आचारसंहिता लागली तेव्हा त्याआधीच्या आठवड्यांत निर्णयांचा ढीग निघाला होता आणि नंतर नवी कामं निकालापर्यंत थबकली. अशा ढिगातल्या मान्यतांना पाठबळ किती, ते बीम्सवर ताडल्याशिवाय पुढे जाऊ नये. दुसरी, सत्ताबदल. 2022च्या सत्तांतरानंतर आधीच्या सरकारने मंजूर केलेल्या, पण निविदा न निघालेल्या बऱ्याच कामांना स्थगिती मिळाली होती. कागदी तयारीचा खर्च करण्याआधी हा धोका धरायचा.

तिसरी बातमी सगळ्यात गंभीर आणि सगळ्यात कमी वाचली जाणारी: थकीत देयकांची. 2025मध्ये जलजीवन मिशनसह अनेक खात्यांच्या बिलांसाठी राज्यभर ठेकेदार रस्त्यावर उतरले. ज्या लेखाशीर्षाखालची बिलं अडकली आहेत, त्याच लेखाशीर्षाचं नवं काम टेंडरला आलं तर दर भरताना निदान वर्षभराचं व्याज आत धरा. त्या व्याजासकट दर बसत नसेल तर ते काम दुसऱ्याला जाऊ द्या.